कॅम्पिंगसाठी जुनी मोठी एसयूव्ही घेताय? आधी गाडीखाली वाकून बघा

नमस्कार मंडळी. हल्ली आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात कोण ना कोण येऊन विचारतंयच, "वो, जुनी फॉर्च्युनर मिळूलालीय, घेऊ काय?" पोरं मोठी झाली, टेंट आणून झाला, चोर्ला, आंबोली, तिलारीकडं मुक्कामाला जायचंय आणि नवीन मोठी गाडी ऑन रोड चाळीस लाखांच्या पुढं, मग दहाबारा वर्षं जुनी बघायची. विचार चांगलाय, आम्ही नको म्हणत नाही. पण प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हा कागद छापला. आम्ही गाड्या विकत नाही, तपासतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळं कुठली गाडी कुणाच्या गळ्यात मारायची गरज आम्हाला नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं, की रंग, अलॉय, एलईडी बार, वरचा कॅरियर हे सगळं नंतर पैसे टाकून मिळतंय. सडलेली चेसिस आणि अडकलेले कागद मात्र पैसे टाकूनही धड होत नाहीत, म्हणून बघायची सुरुवात तिथनं.

झोपणार कुठं ते आधी ठरवा

हसू नका, मोठी गाडी घेऊन आत पाय लांब करता येईनात म्हणून वैतागलेले लोक बघितलेत आम्ही. गाडी बघायला जाताना मेजरिंग टेप खिशात ठेवा, मागच्या सीटा पाडा, पुढची सीट तुम्ही चालवता तेवढ्यावर ठेवा आणि मागच्या दारापर्यंत माप घ्या. सहा फूट मिळालं तर ठीक, नाहीतर टेंटच लावावा लागणार. पहिली फॉर्च्युनर २००९ ची, तिची तिसरी सीट दोन्ही बाजूला वर उचलून काचेला लटकवायची, त्यामुळं रुंदी खाते, काढून घरी ठेवली तर जागा मोकळी. जुन्या सफारीत मागं समोरासमोरच्या जंप सीटा, त्या उचलल्या की सामानाला जागा भरपूर. २०१६ नंतरच्या फोर्ड एंडेव्हरची तिसरी सीट सपाट जमिनीत जाते, वरच्या मॉडेलला तर बटणावर, झोपायला आमच्या मते तीच सगळ्यात सोयीची.

कुठली गाडी

टाटा सफारी १९९८ पासनं आहे, पण आता घ्यायची तर शक्यतो स्टॉर्म बघा, २०१२ ते २०१९ मधली, चेसिस दणकट आणि पार्ट चिकोडी, गोकाकलाही मिळतात, मिस्त्री तर कुठल्याही नाक्यावर. इलेक्ट्रिकची बारीकसारीक किरकिर असते, काच अडकली, सेन्सर गेला, तेवढं सोसायची तयारी ठेवा. आणि २०२१ ची नवी सफारी ही नुसती नावाची भावकी, ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेली, पुढच्या चाकांवर चालणारी, तिला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, नाहीच.

फॉर्च्युनरचं तीन लिटरचं इंजिन लई टिकतं हे खरं, त्यामुळंच विकणारा भाव सोडत नाही. त्याला टायमिंग बेल्ट असतो, लाखाच्या पुढं गेलेल्या गाडीत तो कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजून पैसे धरा. पहिल्या पिढीला मागं ड्रम ब्रेक आहेत, सात माणसं आणि सामान भरून चोर्ल्यातनं उतरताना गिअरवरच उतरवायची, पाय ब्रेकवर ठेवून नाही.

एंडेव्हर चालवायला राजा गाडी. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तेव्हापासनं ती जुन्या बाजारात जरा खाली मिळते, सर्व्हिस सुरू आहे, पण एखादा पार्ट यायला वाट बघावी लागते. दुसरी गाडी घरात असेल तर घ्या, एकच गाडी असेल तर विचार करा. पजेरो स्पोर्टचंही तसंच, जंगलात वाघ, पार्टला महाग. शेवरोलेची कॅप्टिवा कितीही स्वस्त देऊ करू देत, २०१७ पासनं कंपनीची विक्रीच इथं बंद आहे, आम्ही तरी हात जोडतो.

फोर बाय फोर पाहिजेच का? खरं सांगायचं तर कणकुंबी, जांबोटी, खानापूर भागात मुक्काम करणाऱ्या दहातल्या आठ जणांना टू व्हील ड्राइव्ह आणि चांगले टायर एवढं बास. पावसाळ्यात लाल चिखलातनं, शेताच्या बांधावरनं आत जायचं असेल तरच पैसे घाला. घेतलीच तर विकणाऱ्याच्या "चालू आहे की" वर जाऊ नका, कच्च्या रस्त्यावर फोर हाय (नेहमीच्या वेगाचा) आणि फोर लो (हळू पण जास्त जोराचा) दोन्ही टाकून बघा, वर्षानुवर्षं न वापरल्यानं फोर बाय फोर जोडणारी मोटर जाम झालेली असते आणि डॅशवर नुसता लाइट लुकलुकत राहतो. कोरड्या डांबरावर मात्र टाकू नका, बहुतेक गाड्यांत पुढची मागची चाकं एकत्र जखडली जातात आणि वळणावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. पहिली फॉर्च्युनर फोर बाय फोर याला अपवाद, ती कायम चारही चाकांवर चालते, तिथं फक्त पुढची मागची चाकं जखडणारा सेंटर डिफ लॉक डांबरावर लावायचा नाही.

पुराची गाडी

हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला कोल्हापूर, सांगली आणि आपल्या जिल्ह्यात जे पाणी आलं त्यात किती गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन पुसून, सीट कव्हर बदलून परत रस्त्यावर आल्या. वरनं काही कळत नाही. तुम्ही एक करा, मागच्या सीटचा बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी टोकापर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ दिसली किंवा वाळलेली माती बोटाला लागली तर तिथंच नमस्कार करून निघा, कारण बेल्ट गुंडाळून आत बसलेला असतो, तिथं धुणाऱ्याचा हात जात नाही. मग सीटखालचे बोल्ट बघा, कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमला हात लावा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा, एसी लावून वास घ्या. परफ्युम जास्तच मारलेला असेल तर संशय आणखी वाढवायचा.

गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडची गाडी असेल तर प्रश्न गंजाचा. खालनं ताजा काळा रंग मारलेला असेल तर खुश होऊ नका, तो कशासाठी मारला ते विचारा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चेसिसवर ठोकत जा, टण्ण वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर नको. स्टेपनी मागं खाली लटकलेली असते, ती उतरवूनच बघा, साखळीची ती यंत्रणा गंजून बसलेली असते आणि ते कळतं रात्री नऊला आंबोलीच्या पावसात पंक्चर झाल्यावर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, सहासात वर्षं झाली की रबर कडक होतं.

इंजिन थंडच पाहिजे

विकणाऱ्यानं आधीच स्टार्ट करून गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा आणि बोनेटला हात लावून बघा. थंड गाडी एका सेल्फमध्ये उचलली पाहिजे. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत जातंय, काळा धूर रेस केल्यावर थोडा जुन्या डिझेलला असतोच. मग चालू इंजिनचं ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा, झाकण नाचायला लागलं आणि भकाभका वाफ आली तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे जळालेला गॅस पिस्टनच्या कडेनं खाली येतोय, इंजिन खोलायला आलंय. झाकणाच्या आत दुधाळ पिवळट साय दिसली तर ऑइल-पाणी एक होत असेल, हेड गॅस्केटपर्यंत तपासल्याशिवाय बोलणी करू नका.

किलोमीटरच्या आकड्यावर आमचा विश्वास नाही, मीटर मागं करणारे पैशाला पासरी आहेत. स्टिअरिंगची घासलेली कड, पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाजू बघा. एकाच मालकाची, साहेबांची, फॅक्टरीच्या चेअरमनची असल्या गोष्टीही सोडून द्या, साहेब मागं बसलेले असतात, गाडी ड्रायव्हर चालवतो आणि निवडणुकीत ती कशी पळवलेली असते हे आपल्याला सांगायला नको.

कागद, म्हणजे बॉर्डरची खरी डोकेदुखी

आपल्याकडं एमएच ०९ ची गाडी निपाणीत, केए २२ ची चंदगडात, असं कायम चालतं आणि लोकांना वाटतं चालतंय की. राज्याबाहेरची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली तर इथलं पासिंग करावंच लागतं आणि कर्नाटकचा लाइफ टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो पाठपुरावा करूनच. म्हणून कोल्हापूरची गाडी लाखभर स्वस्त दिसली तर आधी टॅक्स किती बसतोय ते आरटीओत विचारा, मग स्वस्त म्हणा. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, सोबत नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. "बोजा फिटलाय, फक्त कागद यायचाय" असं म्हणाले तर पैसेही कागद आल्यावर.

दिल्लीची गाडी म्हणून काही डीलर स्वस्तात दाखवतात. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश २०१५ ला आला, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला, तेव्हापासनं त्या गाड्या दक्षिणेत यायला लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एनओसी कुठल्या जिल्ह्यासाठी निघालीय ते नीट वाचा. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस करून पाच पाच वर्षं वाढते आणि त्याची फीही आता चांगलीच वाढलीय, चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च भावात धरा. ई-चलन बघा, एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय का बघा, इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

मुक्कामाचं थोडं

रूफ टेंट लावायचा असेल तर कॅरियरची चालत्या गाडीतली वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, उभ्या गाडीची मर्यादा जास्त असते आणि दुकानदार तीच सांगतो. पुढचा लोखंडी बंपर गार्ड २०१७ पासनं केंद्राच्या सूचनेनुसार बेकायदा आहे, असेल तर काढून टाका. इंजिन चालू ठेवून, एसी लावून आत झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. गाडीत गॅसची शेगडी पेटवणं तर मुळीच नको. काचा दोनदोन बोटं खाली, वर मच्छरदाणीची जाळी. भीमगड अभयारण्यात आणि रिझर्व्ह फॉरेस्टमध्ये वनखात्याच्या परवानगीशिवाय टेंट ठोकता येत नाही, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात राहिलेलं बरं, सकाळचा चहापण मिळतो.

गाडी ठरली म्हणून सगळे पैसे देऊन मोकळं होऊ नका. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक, बुश, बॅटरी, टायर यात लाख-सव्वा लाख सहज जातात, तेवढे बाजूला ठेवून मगच भाव बोला. तपासणीला आमच्याकडं आणताना सकाळी लवकर या, आरसी आणि सर्व्हिसची असतील ती बिलं घेऊन या, गाडी लिफ्टवर घेऊन आम्ही तुमच्यासमोर बघतो, मालकालाही बरोबर आणा. विकणारा लिफ्टवर घ्यायला नको म्हणाला तर तपासणीचे पैसे वाचले, दुसरी गाडी बघा. रविवारी गॅरेज बंद असतंय.