काँक्रीटला पाणी मारणे

नव्या काँक्रीटमधली ओल टिकवून सिमेंट आणि पाण्याची रासायनिक प्रक्रिया चालू ठेवण्याची पद्धत. पुस्तकी नाव क्युरिंग. नाशिकच्या साइटवर मात्र गवंडी ‘पाणी मारा’ एवढेच सांगतो. काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज खोटा आहे. वाळले की त्याच्या ताकदीची वाढ खुंटते. द्राक्षाचा बेदाणा होतो त्याच्या नेमके उलटे.

घट्ट होणे वेगळे आणि ताकद येणे वेगळे. भारतीय मानकानुसार साधे सिमेंट पहिली 30 मिनिटे तरी मऊ राहिले पाहिजे आणि 600 मिनिटांच्या आत पूर्ण घट्ट झाले पाहिजे. त्यामुळे आज टाकलेल्या स्लॅबवर उद्या पाणी मारायला चढता येते, पण तेव्हा तो कच्चाच असतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये 28 दिवसांच्या ताकदीपैकी साधारण दोन-तृतीयांश ताकद पहिल्या सात दिवसांत येते. 28 हा आकडा निव्वळ मोजणीच्या सोयीचा. 150 मिलिमीटरचे ठोकळे 27 अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवून त्या दिवशी यंत्राखाली फोडतात. एम-20 दर्जाच्या काँक्रीटकडून दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटनची अपेक्षा असते. 28 दिवसांनंतरही ओल मिळाली तर ताकद सावकाश वाढतच राहते.

पाणी किती दिवस? आयएस 456 (2000) या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान 10, आणि राखमिश्रित सिमेंटला 14 दिवस बरे. ही राख कोळशावरच्या वीज केंद्रातली, नाशिकजवळ एकलहऱ्याला निघते तशी. ती उशिरा कामाला लागते, म्हणून असे सिमेंट सुरुवातीला मंद वाटते.

स्लॅबवर कमी सिमेंटच्या मसाल्याचे वाफे करून पाणी तुंबवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळतात. वाफ्यातले पाणी येता-जाता दिसते. गोणपाट दुपारपर्यंत कोरडे पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त वजन पेलणारा कॉलमच बहुधा तहानलेला राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात वारा सुटला तर ताज्या स्लॅबला काही तासांतच बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात पाण्याची चिंता मिटते, पण ताज्या स्लॅबवर जोराची सर आली तर वरचे सिमेंट धुऊन जाते.

सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटला खालून तोलणाऱ्या फळ्या आणि टेके, काढण्याची घाई हे या विषयातले खरे दुखणे. आयएस 456 मध्येच 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके 7 दिवस आणि त्याहून मोठ्याचे 14 दिवस ठेवायला सांगितले आहे. बीमला 6 मीटरपर्यंत 14 दिवस, पुढे 21. हे दिवस साध्या सिमेंटचे आणि पारा 15 अंशांखाली उतरणार नाही असे धरून दिलेले. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकड्यावर येतो. तिथे हाच हिशेब लावून टेके काढू नयेत, आणखी काही दिवस राहू द्यावेत.