नखं कापताना मांजर गप्प बसलं, म्हणजे शांत बसलं का?

मांजराची नखं घरीच कापणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "मानगुटीला धरलं की कसं चिडीचूप होतं बघ!" आणि खरंच होतं. पाय पोटाशी घेतं, डोळे मोठे करतं, तोंडातून आवाज काढत नाही. नखं झटपट कापून होतात आणि घरातले म्हणतात, सवय झाली आता त्याला. पण सवय झालेलं मांजर वेगळं आणि भीतीने थिजलेलं मांजर वेगळं. दोन्ही हलत नाहीत, म्हणून लांबून सारखी दिसतात. ज्यांचं मांजर नेलकटर पाहताच पलंगाखाली पळतं, त्यांनी तर हा फरक ओळखायला शिकावंच, कारण बहुतेक वेळा ते पळायला लागतं ते आधी कधीतरी थिजल्यामुळे.

मांजर घाबरलं की आधी पळायला बघतं. पळता आलं नाही तर ओरबाडतं, चावतं. तेही जमलं नाही, की अंग चोरून पडून राहतं. मानगूट घट्ट धरली की पहिल्या दोन्ही वाटा बंद होतात आणि उरते ती तिसरी. "आई पिल्लांना मानेलाच धरून नेते की" असं यावर सांगितलं जातं. नेते, पण ती पिल्लं काही आठवड्यांची असतात. तेव्हा अंग सैल सोडून लोंबकळणं ही त्यांची उपजत प्रतिक्रिया असते. चार किलोच्या बोक्याला तसं धरणं म्हणजे आईची आठवण करून देणं नव्हे.

यावर अभ्यासही झाला आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी मानगूट हाताने धरणं, मानेला चिमटे लावणं, सगळं अंग दाबून धरणं आणि नुसता हलका हात ठेवणं अशा पद्धतींची तुलना केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार हलक्या हाताखालच्या मांजरांनी त्रासाची लक्षणं सर्वांत कमी दाखवली. मानगूट आणि चिमटे या दोन्हींना मांजरांनी वाईट प्रतिसाद दिला.

मग घरी ओळखायचं कसं? पंज्यापासून सुरुवात करा, कारण तो तुमच्या हातातच असतो. निवांत मांजराचा पंजा मऊ आणि जड लागतो. बोटामागची गादी हलकेच दाबली की नख सहज बाहेर येतं आणि सोडलं की आत जातं. थिजलेल्या मांजराच्या पायाचे स्नायू ताठ असतात, कोपर अंगाला चिकटलेलं असतं आणि पंजा तुमच्या हातातून इंच-इंच मागे सरकत असतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो.

डोळे पाहायचे तर भरपूर उजेडात. अंधारात प्रत्येकच मांजराच्या बाहुल्या मोठ्या होतात. खिडकीशी बसूनही त्या काळ्याभोर आणि गोल राहिल्या असतील तर ती भीती आहे. त्याच्या जोडीला कान बाजूला पडून चपटे झालेले, शेपूट अंगाखाली घट्ट, श्वास भराभर, आणि समोर खायला काही नसताना जीभ नाकावरून फिरते किंवा आवंढा गिळला जातो. निवांत मांजर डोळे अर्धे मिटतं, कान पुढे ठेवतं, कधी मान वळवून हातात काय आहे ते हुंगतं. घुरघुरण्यावर मात्र विसंबू नका. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखताना आणि घाबरल्यावरही घुरघुरतं.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती खाण्याची परीक्षा. एरवी जिवापाड आवडणारा उकडलेल्या चिकनचा धागा किंवा नळीतली क्रीमी ट्रीट नाकासमोर धरा. निवांत मांजर चाटतं. थिजलेलं मांजर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. दुसरी परीक्षा हात काढून घेण्याची. निवांत मांजर क्षणभर तिथेच राहतं, आळस देतं, फार तर हळूच उतरून जातं. थिजलेलं बाण सुटल्यासारखं पळतं आणि मग तासभर दिसत नाही.

टॉवेलात गुंडाळणं ही मानगुटीपेक्षा नक्कीच बरी रीत आहे, पण टॉवेल म्हणजे आपोआप शांतता नव्हे. सैलसर गुंडाळून एकच पंजा बाहेर काढला तर कित्येक मांजरांना लपल्यासारखं वाटतं आणि ती खरंच सैलावतात. तोच टॉवेल आवळून, वरून गुडघ्याचा भार देऊन वापरला तर मानगुटीच्या पकडीत आणि त्यात काही फरक उरत नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या मे महिन्यात जाड टर्किश टॉवेल तर नकोच. जाडसर सुती पंचा घ्या, पंखा चालू ठेवा. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर त्या क्षणी सोडून द्या, नख अर्धं राहिलं तरी.

आडमुठ्या मांजराच्या बाबतीत खरा उपाय आहे तो काम तोडून घेण्याचा. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी एकूण अठरा नखं, पण ती एका बैठकीत कापायची असा नियम कुणी केलेला नाही. दुपारी जेवून पेंगुळलेलं असताना एक नख, चाटायला काहीतरी आणि सुट्टी. उद्या दुसरं. त्याआधीचे काही दिवस तर नेलकटर आणायचंच नाही. नुसता पंजा हातात घ्यायचा, गादी दाबायची, खाऊ द्यायचा. मग नेलकटर शेजारी ठेवून तेच. मग त्याचा कट्‌ आवाज ऐकवून तेच. मागची नखं अनेकदा तशीच राहिली तरी चालतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं नख मात्र विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, आणि म्हाताऱ्या मांजरांत गोल वळून थेट गादीत रुततं.

कापायची जागा सोपी आहे. नख उजेडासमोर धरा. आत गुलाबी गाभा दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या दोनेक मिलिमीटर पुढचं फक्त टोक उडवायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट लावून थोडा वेळ दाबून धरा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. दुखलेल्या मांजराकडून पुढचं नख मागणं अन्याय आहे.

चावलं किंवा खोल ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे रेबीजचा प्रश्न आहे आणि मांजराच्या चाव्यात संसर्ग लवकर होतो. घरचंच आहे, काही होत नाही, हे म्हणण्याची ती वेळ नव्हे.

इतकं करूनही काही मांजरं ऐकत नाहीत. तिथे हार मानून पशुवैद्यांकडे जाण्यात कमीपणा नाही. माणसांची कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराच्या जिवावर बेततं. पशुवैद्य मांजराचं वजन आणि तब्येत बघून गॅबापेंटिनसारखं भीती उतरवणारं औषध आधी घरी द्यायला सांगू शकतात. औषध कुठलंही असो, डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: याने त्याची भीती कमी होणार, की नुसतं अंग लुळं पडणार? अ‍ॅसप्रोमॅझिनसारखं औषध एकटंच दिलं तर मांजर हलत नाही, पण आतून तेवढंच घाबरलेलं राहू शकतं.