गिफ्तिग (विशेषण)

'गिफ्तिग' हे स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांतील 'विषारी' या अर्थाचे विशेषण असून, विष या अर्थाच्या 'गिफ्त' या नामाला 'इग' प्रत्यय लागून ते बनले आहे. लेखन एकच असले, तरी उच्चार वेगवेगळे होतात. डॅनिश माणूस 'गिफ्ती' म्हणतो, तर स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये इकारापूर्वीचा 'ग' मऊ होऊन 'यिफ्तिग' किंवा 'यिफ्ती' असे ऐकू येते.

शब्दाचे मूळ 'देणे' या अर्थाच्या जर्मानिक धातूत आहे. ग्रीक 'डोसिस' म्हणजे देणे, आणि त्यावरून औषधाची दिलेली मात्रा. त्याच धर्तीवर जर्मनमध्ये 'गिफ्त'ला मात्रेचा आणि पुढे विषाचा अर्थ आला व जर्मनच्या प्रभावाने तो उत्तरेत रुजला. त्याआधी जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या तिन्ही भाषांच्या पूर्वज भाषेत, विषाला 'एइत्र' म्हणत. डॅनिशमध्ये आठ पायांच्या कोळ्याला 'एदरकॉप' म्हणतात, त्यात हा शब्द अजून शिल्लक आहे.

याच धातूपासून 'विवाहित' या अर्थाचे 'गिफ्त' हे विशेषणही आले आहे. वधू 'दिली' जाते, ही त्यामागची कल्पना असून आपल्याकडील कन्यादानाशी तिचे साम्य लक्षणीय आहे. जुन्या स्वीडिश कायद्यात मुलीचे लग्न लावून देण्याचा अधिकार असलेल्या पालकाला, म्हणजे बहुधा वडिलांना, 'यिफ्तोमान' म्हणत. तरीही प्रत्यक्ष बोलण्यात घोटाळा होत नाही, कारण 'अविवाहित'साठी स्वीडिशमध्ये 'उयिफ्त' आणि 'बिनविषारी'साठी 'उयिफ्तिग' अशी स्वतंत्र रूपे आहेत.

मराठी 'विषारी'प्रमाणेच हा शब्द खाल्ल्याने बाधणाऱ्या अळंबीलाही लागतो आणि दंश करणाऱ्या सापालाही. स्वीडनच्या जंगलात उगवणारी, यकृत निकामी करणारी पांढरीशुभ्र 'वीत फ्लूगस्वाम्प' ही अळंबी 'गिफ्तिग' आणि 'हुग्गोर्म' हा घोणसाच्या कुळातला सापही 'गिफ्तिग'. रसायनाच्या डब्यावर कवटीच्या चिन्हाजवळ 'यिफ्तिग्त वीद फर्तेरिंग', म्हणजे 'गिळल्यास विषारी', असा इशारा छापलेला असतो. हे शब्द युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमावलीने ठरवून दिलेले आहेत.

लाक्षणिक वापरात मात्र मराठीशी फरक पडतो. आपण साप 'विषारी' म्हणतो आणि टीका बहुधा 'विखारी'; तिकडे दोन्हींना एकच शब्द पुरतो. शिवाय स्वीडिश क्रीडावार्तांकनात गोलरक्षकाला चकवणारा जोरकस, धोकादायक फटकाही 'गिफ्तिग' ठरतो, आणि तिथे शब्दाला कौतुकाची छटा येते.