फ्ला क्योलच्या मंचावर बँड आला कुठून?

आयर्लंडच्या पारंपरिक संगीत महोत्सवात, म्हणजे फ्ला क्योलमध्ये, एकेका मंचावर दहा-दहा वादकांचे बँड दिसतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासऱ्या, अकॉर्डियन, पियानो, ड्रम, सगळे एकाच चालीवर. हे असंच पूर्वापार चालत आलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण बँड या परंपरेत फार उशिरा आला. मूळचं वादन एकट्यादुकट्याचं.

जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला, तेव्हा जेमतेम दहा आयरिश वादक जमले. त्यातले निम्म्याहून अधिक अंध. त्यांच्या चाली टिपून घ्यायचं काम एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगकडे होतं. सर्वांत वयोवृद्ध होते नव्वदी ओलांडलेले डेनिस हेम्पसन. धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडायची जुनी रीत त्या मेळ्यात त्यांच्या एकट्याकडेच उरली होती. एक अख्खी परंपरा एका म्हाताऱ्याच्या नखांवर तगून होती, या विचाराने मला आजही गलबलून येतं.

नाचाचं संगीत मात्र खेड्यांतल्या स्वयंपाकघरांत जिवंत होतं. तिथे एक फिडलवाला पुरायचा. पुढे १८९७ मध्ये आयरिश भाषा-संस्कृती जपणाऱ्या गेलिक लीग या संघटनेने लंडनमध्ये हॉल घेऊन केली, म्हणजे सामूहिक नाचाचा कार्यक्रम, भरवला आणि नाचाला मोठी जागा मिळाली. आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला. त्याच्या तडाख्यात घरगुती नाचही सापडले आणि मंडळी हॉलकडे वळली. एवढ्या पायांच्या दणदणाटात एकटं फिडल कसं ऐकू येणार? म्हणून केली बँड फोफावले. किलफेनोरा गावचा बँड १९०९ पासूनचा, टुल्ला गावचा १९४६ चा.

१९५१ मध्ये मलिंगारला पहिला फ्ला क्योल भरला. त्यामागची संघटना कोल्तस त्याच वर्षी उभी राहिली होती. महोत्सवातल्या स्पर्धांनी बँडांना नवी ईर्षा दिली. किलफेनोराने १९५४ ते १९५६ सलग तीनदा अजिंक्यपद पटकावलं.

संगीतकार शॉन ओ रिआदा यांना मात्र केली बँड खटकत. सगळे एकदम वाजवायला लागले की एकेकाच्या हातची नजाकत बुडते, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद बांधला. त्यात कधी पाइप्स, म्हणजे भात्याच्या हवेवर वाजणारं आयरिश वाद्य, पुढे यायचे, कधी फिडल, मग सगळे मिळून. त्याच वृंदातल्या पॅडी मोलोनी यांनी १९६२ मध्ये 'द चीफटन्स' सुरू केला. आज मंचावर दिसणारे बरेचसे बँड केली बँडपेक्षा या घराण्याला जवळचे आहेत.

फ्ला क्योलमध्ये एकल वादनाच्या स्पर्धाही होतात. तिथे वादक एकटा खुर्चीवर बसतो, पायाने ठेका धरतो आणि चाल सुरू करतो. साथीला कुणी नसतं.