विदूषक

विदूषक : संस्कृत नाटकातील नायकाचा विनोदी सोबती. तो बहुधा ब्राह्मण असतो, बोलतो मात्र प्राकृत. खाण्यावर त्याचा जीव असतो आणि राजाला तो ‘वयस्य’ म्हणून, म्हणजे बरोबरीच्या मित्राला हाक मारावी तसा, हाक मारतो. कथानकात त्याचे स्थान दुय्यम. तरीही कालिदास, शूद्रक आणि भासाच्या नावावर असलेली नाटके यांतला विदूषक वगळला, तर कथा जागची हलणार नाही अशी परिस्थिती अनेकदा दिसते.

‘विदूषक’ हा शब्द दूष् (बिघडवणे, दोष देणे) या धातूपासून आला याबद्दल फारसा वाद नाही. कोण काय बिघडवतो, याबद्दल आहे. रामचंद्र व गुणचंद्र या जैन ग्रंथकारांनी नाट्यदर्पणात (बारावे शतक) चतुर उलगडा केला आहे : नायकाचा समेट भांडणाने आणि भांडण समेटाने बिघडवतो, तो विदूषक. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात (चौदावे शतक) तो ‘कलहरति’, म्हणजे भांडणाची आवड असलेला, म्हटला आहे आणि त्याचे नाव फूल, वसंत इत्यादींवरून असावे असेही सांगितले आहे. वसंतक या नावाला हा नियम लागू पडतो. मैत्रेय, गौतम, आत्रेय ही नावे मात्र गोत्राच्या वळणाची आहेत. म्हणजे शास्त्रकारांसमोर सगळी नाटके होती असे धरून चालता येत नाही.

नाट्यशास्त्रात (काळ अनिश्चित, इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक या दरम्यान तो सामान्यतः धरला जातो) विदूषकाचे रूप ठरवून दिले आहे. तो बुटका, दंतुर, कुबडा, वेड्यावाकड्या चेहऱ्याचा, टकला आणि पिंगट डोळ्यांचा असावा. याच श्लोकात काही प्रतींत ‘द्विजन्मा’ तर काहींत ‘द्विजिह्व’ असा पाठ आहे. पाठभेद किरकोळ नाही. पहिला पाठ घेतला तर विदूषकाचे ब्राह्मण्य लक्षणातच येते. दुसरा घेतला तर तो दुतोंडी ठरतो आणि जातीचा प्रश्न उघडा राहतो. त्याच ग्रंथात नायकाप्रमाणे विदूषकाचेही चार प्रकार केले आहेत : देवांचा लिंगी (तापस), राजाचा द्विज, अमात्याचा राजजीवी व ब्राह्मणाचा शिष्य. द्विज हा त्यांतला एकच प्रकार आहे. ते पाहता विदूषक मुळात ब्राह्मणच असला पाहिजे असा आग्रह धरणे कठीण जाते.

त्याचे हास्य अंग, वाणी आणि वेष अशा तीन वाटांनी उत्पन्न होते. डोक्यावर टक्कल किंवा ‘काकपद’ (कावळ्याच्या पावलासारखी केसांची ठेवण), हातात वाकडी काठी. ‘कुटिलक’ नावाची ही काठी पहिल्या नाट्यप्रयोगाच्या वेळी ब्रह्मदेवाने दिली, अशी कथा आहे. भाषेबद्दल नाट्यशास्त्र ‘प्राच्या’ सांगते आणि मृच्छकटिकाचा टीकाकार पृथ्वीधर तेच गिरवतो. छापील नाटकांत मात्र विदूषकाच्या तोंडी शौरसेनी प्राकृतच दिसते. प्राच्या ही शौरसेनीचीच पूर्वेकडील छटा असावी असे म्हणून बहुतेक अभ्यासक पुढे जातात.

उगमाविषयी गेल्या दीडशे वर्षांत बरेच लिहिले गेले. विंडिश यांनी ग्रीक सुखात्मिकेतील फुकट्या खुशमस्कऱ्याशी त्याचे नाते जोडले (१८८२). खादाडपणाचे साम्य आहे खरे. पण ग्रीक पात्र यजमानाच्या ताटावर जगते, तर विदूषक राजाचा जिव्हाळ्याचा मित्र असतो आणि त्याला तोंडावर सुनावतो. ग्रीक प्रभावाचा हा पक्ष आता मागे पडला आहे. कीथ यांनी वैदिक कर्मकांडाकडे बोट दाखवले (१९२४). महाव्रत या विधीत ब्रह्मचारी व पुंश्चली (गणिका) एकमेकांना शिव्या देतात आणि सोमक्रयात (सोम विकत घेण्याच्या विधीत) सोम विकणाऱ्याला झोडपले जाते; शिवीगाळ करणारा ब्राह्मण आणि मार खाणारा माणूस या दोघांच्या मिश्रणातून विदूषक घडला असावा, असा त्यांचा कल आहे. ऋग्वेदातील (१०.८६) वृषाकपी हा इंद्राचा वानररूपी मित्र आणि इंद्राणीच्या रागाचा विषय, त्याच्यातही काहींना विदूषकाची पूर्वछाया दिसते. विक्रमोर्वशीयात दासी विदूषकाला चित्रातल्या माकडाची उपमा देते, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. पण एका थट्टेवर वंशावळ उभी राहत नाही.

कायपर यांचा सिद्धांत (१९७९) सर्वांत सविस्तर आहे. पूर्वरंगातील (नाटकाआधीच्या विधीतील) ‘त्रिगत’ या भागात सूत्रधार, पारिपार्श्विक (सूत्रधाराचा सहायक) आणि विदूषक यांचा असंबद्ध वाटणारा संवाद असतो. कायपर तो नववर्षाच्या वैदिक वाक्कलहाचा अवशेष मानतात. त्यांच्या मते नायक इंद्राच्या आणि विदूषक वरुणाच्या जागी असून, सर्वांचे अशुभ अंगावर घेणारा तो बळीचा बकरा आहे. अडचण अशी, की नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नायकाचे रक्षण इंद्राकडे व नायिकेचे सरस्वतीकडे दिले असले, तरी विदूषकाचे ओंकाराकडे दिले आहे. विदूषकाच्या संदर्भात वरुणाचे नाव तेथे येत नाही. पूर्वरंगातील विदूषकाला हा सिद्धांत जितका शोभतो तितका नाटकातील विदूषकाला शोभत नाही. लेव्ही, कोनो इत्यादींनी सुचवलेला लोकनाट्याचा धागा कमी नेटका आहे. पण ब्राह्मण असून प्राकृत बोलणाऱ्या या पात्राची गाठ त्याने अधिक सहज सुटते, असे दिसते.

सर्वांत जुना ज्ञात विदूषक अश्वघोषाच्या शारिपुत्रप्रकरणात (सु. पहिले-दुसरे शतक) आढळतो. मध्य आशियात मिळालेले या नाटकाचे त्रुटित अंश ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. ब्राह्मणाने क्षत्रियाची (म्हणजे बुद्धाची) शिकवण घ्यावी काय, असा आक्षेप त्यात विदूषक शारिपुत्रापाशी घेतो. म्हणजे बौद्ध नाटकातही हा साचा तोवर रुळलेला होता.

साचा एकच असूनही तीनचार विदूषक लक्षात राहतात, ते लक्षणांमुळे नव्हे. नाटककाराने त्यांच्या हातून एकेक चूक घडवली आणि तिच्यावर कथानकाचा भार टाकला. मृच्छकटिकातील मैत्रेय हे याचे ठळक उदाहरण. नायक चारुदत्ताच्या भरभराटीत शंभर भांड्यांच्या गराड्यात बसून, चित्रकार रंगांच्या वाट्यांना बोट लावतो तसे एकेक चाखून दूर सारायचे आणि चव्हाट्यावरच्या बैलासारखे रवंथ करायचे, अशी त्याची आठवण आहे. आता घरात काही नाही, तरी तो मित्राला सोडत नाही. गणिका वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी तो झोपेत बरळत चोराच्या हाती देतो; आणि पुढे न्यायालयात खलनायक शकाराशी झोंबी घेताना काखेतून दागिने खाली पडतात व चारुदत्ताविरुद्ध पुरावा उभा राहतो. मित्राला सुळापर्यंत नेणारी ही चूक मित्रप्रेमातूनच झालेली असते.

शाकुंतलातील माधव्याचा (पाठभेदाने माढव्य) उपयोग कालिदासाने उलट केला आहे : त्याला योग्य वेळी रंगमंचावरून काढून. दुसऱ्या अंकात शिकारीने अंग मोडलेला माधव्य कुरकुरत येतो. त्यात राजा तपस्विकन्येवर भाळलेला, म्हणजे गळवावर पुटकुळी असे तो म्हणतो. मराठीत आपण दुष्काळात तेरावा महिना म्हणू. अंकाच्या शेवटी राजा त्याला राजधानीत धाडतो आणि अंतःपुरात बडबड करील या भीतीने, ते सगळे थट्टेत बोललो, असे सांगून ठेवतो. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येण्यापूर्वी त्याला राणी हंसपदिकेच्या समजुतीसाठी पाठवलेले असते. शापाने राजा विसरला, हे खरे. पण तिच्याबद्दल राजाच्या तोंडून ऐकलेला एकमेव दरबारी नेमका त्या वेळी तेथे नसतो. सहाव्या अंकात, आठवण का दिली नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणतो, तुम्हीच थट्टा म्हणालात आणि माझ्या मातीच्या गोळ्याच्या बुद्धीला ते खरे वाटले.

स्वप्नवासवदत्तातील वसंतक (त्रिवेंद्रमची, म्हणजे भासाच्या नावावरची, नाटके १९१२ पासून छापली गेली, त्यांच्या भासकर्तृत्वाचा वाद येथे बाजूला ठेवला आहे) पोटदुखीने हैराण आहे : कोकिळांचे डोळे फिरतात तसे पोटात फिरते आहे, जेवण सोडून बाकी काहीही आणा. हाच वसंतक उदयन राजाला, मेली असे समजलेली पहिली राणी वासवदत्ता प्रिय की नवी राणी पद्मावती, असे खोदून विचारतो आणि लतामंडपात लपलेल्या दोघीही उत्तर ऐकतात. पाचव्या अंकात तो गोष्ट सांगू लागतो : ब्रह्मदत्त नावाचे नगर, तेथे कांपिल्य नावाचा राजा. राजा चूक दुरुस्त करतो, वसंतक ती घोकत बसतो, तेवढ्यात राजाला डोळा लागतो. थंडी वाजते म्हणून वसंतक पांघरूण आणायला जातो, आणि वासवदत्तेला वाट मोकळी होते. मालविकाग्निमित्रातील गौतम मात्र या रांगेत बसत नाही. केवड्याच्या काट्याने स्वतःला टोचून सर्पदंशाचे सोंग करणारा आणि राणीची नागमुद्रा (सर्पचिन्हाची अंगठी) मिळवून मालविकेला सोडवणारा तो खरा सूत्रचालक आहे.

भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, मुद्राराक्षसातही नाही. राजशेखराच्या कर्पूरमंजरीतील कपिंजल दासीशी कवित्वावरून भांडतो आणि रुसून जातो. भांडण खुसखुशीत आहे, पण त्यावर पुढचे फारसे अवलंबून नाही. नंतरच्या नाटिकांत खादाडपणा तेवढा शिल्लक राहिला.

केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात (युनेस्कोची मान्यता २००१) विदूषक आजही मल्याळममधून बोलतो, नायकाच्या श्लोकाला विडंबनश्लोकाने उत्तर देतो आणि अशन (जेवण), राजसेवा, विनोद व वंचन (फसवणूक) हे आपले चार ‘पुरुषार्थ’ रात्र-रात्र समजावतो. मराठीत विष्णुदास भावे यांच्या नाटकांच्या (सांगली, १८४३ पासून) आरंभी सूत्रधाराशी विदूषकाचा संवाद होई व मग गणपती-सरस्वती येत. किर्लोस्करांच्या शाकुंतलाने (१८८०) कालिदासाचा विदूषक मराठी प्रेक्षकांसमोर आणला. तमाशातील सोंगाड्या, गौळणीतील पेंद्या आणि दशावतारातील शंकासुर यांना विदूषकाचे वंशज म्हणण्याची प्रथा आहे. साम्य कामाचे आहे, वंशाचे सिद्ध झालेले नाही.