युरोपातलं विमानतिकीट स्वस्त कसं झालं

बर्लिनहून बार्सिलोना किंवा डब्लिनहून क्राकोव, दोन रात्रींची सहल, आणि विमानाचं एका बाजूचं भाडं विमानतळापर्यंतच्या टॅक्सीहून कमी. युरोपात राहणाऱ्याला आज यात नवल वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मात्र एवढ्या स्वस्तात नियमित सेवेचं तिकीट विकणं तिथल्या बहुतेक मार्गांवर बेकायदाच ठरलं असतं. स्वस्ताईची ही गोष्ट विमानांपेक्षा कायद्याची जास्त आहे, आणि ती ठाऊक असली की तिकीट शोधताना समोर येणाऱ्या अर्ध्याअधिक गोष्टींचा उलगडा होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, शिकागोला देशादेशांची बैठक झाली. प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क, हे तिथे मान्य झालं. मग दोन देशांमध्ये विमान उडवायचं तर त्या दोघांनी करार करायचा, अशी पद्धत पडली. बहुतेक मार्गांवर दोन्हीकडची एकेक सरकारी कंपनी उडे. जागा निम्म्या निम्म्या, कित्येकदा उत्पन्नही एकत्र करून वाटून घेतलेलं. भाडी कंपन्यांच्या संघटनेच्या बैठकीत ठरायची आणि दोन्ही सरकारांच्या मंजुरीनंतर लागू व्हायची. प्रवासी ओढून घेण्यात कुणालाच फायदा नव्हता.

सवलतीची तिकिटं होती, पण त्यांना अट असे: शनिवारची रात्र तिकडेच काढायची. कामासाठी फिरणारा माणूस शुक्रवारी घरी परततो, त्याने पूर्ण भाडं भरावं, म्हणून ही युक्ती. मंगळवारी जाऊन गुरुवारी यायचं असेल तर खिसा रिकामा. एकेरी तिकीट तर इतकं महाग, की जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी असा विचारही कुणी करत नसे.

या भिंतीला पहिली फट पाडली ती चार्टर, म्हणजे अख्ख्या भाड्याने घेतलेल्या, विमानांनी. १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ या तरुणाने लंडनहून कॉर्सिका बेटावरच्या काल्वीला विमान भरून माणसं नेली. परवानगी मिळाली ती फक्त विद्यार्थी आणि शिक्षक यांनाच नेण्याच्या अटीवर, आणि मुक्काम तंबूंत. विमान, राहणं आणि जेवण एकत्र विकायचं, नुसतं तिकीट नाही. स्पेनच्या किनाऱ्यावरची हॉटेलं पुढे याच वाटेने भरली. 'शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळतं' ही समजूत त्याच काळाची. पूर्ण विमान आगाऊ घेतलेलं असे, उरलेल्या खुर्च्या मिळेल त्या भावाला काढाव्या लागत. आजच्या स्वस्त कंपन्यांचा हिशोब नेमका उलटा असतो. पहिल्या काही जागा अगदी कमी दराला ठेवतात, त्या संपल्या की पुढचा दर, मग त्याच्या पुढचा. जुन्या समजुतीवर विसंबून थांबणारा आज बहुधा जास्त पैसे मोजतो.

ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांनी १९७७ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत नेण्याची हिंमत केली. १९८२ मध्ये त्यांची कंपनी बुडाली. युरोपाच्या आतली भाडी तोवर जागची हलली नव्हती.

ती हलली आयर्लंडमध्ये, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा तुकडा हाच. इंग्लंडमध्ये काम करणारी लाखो आयरिश माणसं घरी जाण्यासाठी रात्रभर बोट आणि रेल्वेचा प्रवास करायची, कारण विमान परवडत नसे. रायनएअर या आयरिश कंपनीने १९८५ मध्ये आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड ते लंडन अशी पंधरा आसनी विमानाने सुरुवात केली. पुढच्या वर्षी डब्लिन–लंडन मार्ग खुला झाला. जुन्या कंपन्यांचं परतीचं भाडं दोनशे पौंडांच्या वर होतं, रायनएअरने ते शंभराच्या आत आणलं. काही वर्षांतच त्या मार्गावरचे प्रवासी दुपटीवर गेले. माणसांना प्रवास करायचाच होता, भाड्याने त्यांना अडवून धरलं होतं, हे तेव्हा आकड्यांनीच सिद्ध झालं.

त्याच वर्षी, १९८६ मध्ये, युरोपीय न्यायालयाने 'नुव्हेल फ्राँतिएर' खटल्यात सांगितलं की स्पर्धेचे नियम विमानवाहतुकीलाही लागू आहेत. मग १९८७, १९९० आणि १९९२ अशा तीन टप्प्यांत कायदे बदलले. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय संघातल्या कंपनीला संघातल्या देशांमध्ये हव्या त्या मार्गावर, स्वतः ठरवलेल्या भाड्यात उडता येऊ लागलं. एप्रिल १९९७ पासून दुसऱ्या देशाच्या पोटातही मुभा मिळाली. आयरिश कंपनीचं विमान मिलानहून सिसिलीला जातं ते यामुळे.

कायद्याने दार उघडलं, पण खर्च कमी कसा करायचा हे टेक्सासच्या साउथवेस्ट कंपनीने आधीच दाखवून दिलं होतं. रायनएअरच्या मायकेल ओ'लिअरींनी तिथे जाऊन ते पाहिलं. एकाच प्रकारचं विमान, आणि उतरल्यापासून पंचवीस मिनिटांत पुन्हा निघायचं. दीड तासाच्या प्रवासात जमिनीवरचा वेळ हाच मोठा वाटा असतो. तो वाचला की तेच विमान दिवसात दोन फेऱ्या जास्त मारतं. लांब पल्ल्यावर ही बचत फारशी उरत नाही. रायनएअरच्या विमानांत पुढच्या नि मागच्या अशा दोन्ही दारांनी जिन्यावरून चढवतात. खुर्चीला खिसा नसतो आणि सुरक्षेच्या सूचना समोरच्या पाठीवरच चिकटवलेल्या असतात, कारण खिसा असला की तो साफ करायला वेळ लागतो.

स्टेलिओस हाजी-इओआनू यांच्या ईझीजेट या स्वस्त कंपनीचं पहिलं विमान १० नोव्हेंबर १९९५ ला लंडनजवळच्या ल्यूटनहून ग्लासगोला गेलं, भाडं २९ पौंड. एजंटचं कमिशन वाचवायला विमानाच्या अंगावरच केशरी रंगात भलामोठा फोन नंबर रंगवला होता. इथे तिकीट एकेरीच विकलं जाई, त्यामुळे शनिवारच्या रात्रीची अट आपोआप बाद झाली. आजची 'सिटी ब्रेक', म्हणजे एखाद्या शहराची दोन-तीन दिवसांची सहल, त्यातूनच रुजली.

लांबच्या विमानतळांचं कारणही हिशोबातच आहे. फ्रँकफुर्ट-हान हा अमेरिकी हवाई दलाने सोडलेला तळ, शहरापासून सुमारे १२० किलोमीटर. बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर. अशा ओस धावपट्ट्यांना विमानं हवी होती, म्हणून स्थानिक सरकारं सवलती देत. बेल्जियममधल्या शार्लर्वा विमानतळावर रायनएअरला मिळालेल्या सवलतींवर युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ठपका ठेवला, पण न्यायालयाने २००८ मध्ये तो निर्णय रद्द केला. बसचं भाडं आणि दीड-दोन तास धरून बेरीज केल्याशिवाय असलं तिकीट घेऊ नये. दोन दिवसांच्या सहलीत दोन्ही बाजूंचे चार तास म्हणजे अख्खी एक दुपार.

१ मे २००४ ला पूर्व युरोपातले देश संघात आले आणि त्याच महिन्यात विझ एअर ही हंगेरीची स्वस्त कंपनी पोलंडमधल्या कातोवित्सेहून उडू लागली. क्राकोव, बुडापेस्ट, विल्नियस ही नावं स्वस्त सहलींच्या यादीत आली ती तेव्हापासून.

मग तिकिटाच्या आत दडलेल्या गोष्टी एकेक सुट्या निघाल्या. रायनएअरने २००६ पासून चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घेतले. पुढे जागा निवडणं आणि मोठी केबिन बॅगही वेगळी झाली. करांसह अंतिम दर सुरुवातीपासून दाखवावा आणि जादा सेवा आपणहून खूण करून ठेवू नयेत, हा नियम २००८ चा. बॅगेचा वाद मात्र पेटलेलाच आहे. स्पेनने २०२४ मध्ये पाच कंपन्यांना एकूण १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्यात केबिन बॅगेचे पैसे घेणं हा मोठा आक्षेप होता. मला तो दंड योग्य वाटतो. पाठीवरच्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे बसतात, पण लहान मूल किंवा औषधं सोबत असलेल्याने काय करायचं?

भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्या आपल्या माणसांसाठी, विशेषतः जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींसाठी, या नकाशावर आणखी एक रेघ आहे. रायनएअर संघाबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रं विमानतळावर वेगळी तपासते, तेव्हा ऑनलाइन चेक-इन झालं तरी वेळ हाताशी ठेवावा. लंडन आणि डब्लिन शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, आहेत. तिथे वेगळा व्हिसा लागतो, आणि हातात राहण्याचा परवाना नसून शेंगेन व्हिसाच असेल तर परत येण्यासाठी तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. उलट बुखारेस्ट आणि सोफियाच्या विमानांसाठी शेंगेनच्या सीमा मार्च २०२४ मध्ये उठल्या. त्यामुळे जर्मनीचा व्हिसा असलेल्याला तिकडे आता थेट जाता येतं.