ताकिकोमी गोहान: सोया सॉस शेवटी आणि ढवळायचं अजिबात नाही

जपानी घरांत भाज्या मिसळलेल्या भाताचे दोन सोपे प्रकार होतात. माझेगोहानमध्ये भात साधाच शिजवतात आणि शिजलेल्या भाज्या वरून मिसळतात, त्यात चुकायला फारशी जागा नाही. ताकिकोमी गोहानमध्ये मात्र तांदूळ, गाजर, मशरूम, तळलेला टोफू, सोया सॉस सगळं एकाच भांड्यात शिजतं, आणि इथे क्रम चुकला की भाताला कणी राहिलीच म्हणून समजा.

तांदूळ धुऊन आधी नुसत्या पाण्यात अर्धा तास भिजवायचा, थंडीत तासभर. कारण असं की मीठ-साखर असलेलं पाणी दाण्यात हळू शिरतं, त्यामुळे सोया सॉस आणि मिरीन (स्वयंपाकात वापरायची गोड तांदळाची दारू) पहिल्यापासून घातलं तर दाणा आतून कोरडा राहतो आणि मधला स्टार्च नीट फुलत नाही, शीत चेपून बघा, मधे पांढरा ठिपका दिसेल. म्हणून गॅस पेटवायच्या जरा आधी सॉस घालायचा, 180 मिलीच्या मापाने एक माप तांदळाला साधारण एक टेबलस्पून, आणि तेवढंच पाणी आधी काढून टाकायचं. सॉस घातल्यावर एकदा हलवून घ्या, मग भाज्या वर नुसत्या पसरा, खाली ढवळू नका, कारण उकळत्या पाण्याला दाण्यांमधून खालीवर फिरायला वाट लागते आणि भाज्या मधे आल्या की ती अडते, मग कुठे चिखल कुठे कच्चं.

चवीचं गणित तर भारीच. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या भरीव, रसदार चवीला उमामी म्हटलं. सुक्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हा उमामी वाढवणारा दुसरा घटक असतो, हे दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटीने वाढते. एरवी या भाताला बहुधा सुक्या माशाचं पाणी वापरतात, पण मासे न खाणाऱ्यांनाही कोंबू आणि शिताके भिजवलेल्या पाण्यात हा भात झकास जमतो.

तांदूळ चिकट हवा, आपला इंद्रायणी चालून जातो, बासमती नको, त्यात अमायलोज (न चिकटणारा स्टार्च) जास्त म्हणून तो मोकळा होतो. भांडं जाड बुडाचं घ्या, म्हणजे खाली ओकोगे नीट धरतं. ओकोगे म्हणजे तळाची खरपूस खरवड, सोया सॉसमधली साखर आणि अमिनो आम्लं तापून होणारी मैलार्ड प्रक्रिया, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते भातापेक्षा तीच जास्त चांगली लागते.